चळवळ संपली की जर्नल निघतं?

संशयी : ‘अमेरिकन कम्युनिस्ट हिस्टरी’ नावाचं एक संशोधन-नियतकालिक 2002 पासून निघतंय. अमेरिकेतल्या कम्युनिस्ट पक्षाचा इतिहास, एवढाच त्याचा विषय. आता हा पक्ष केवढा? ऐन भरात असतानाही सभासदांचा आकडा लाखाला टेकला नाही. 1932 साली, मंदीने देश आडवा पडला होता तेव्हा, त्यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला मतं पडली लाखभर. आपल्याकडे विधानसभेला निवडून येणाऱ्या आमदाराला तेवढी पडतात. तरी त्याच्यासाठी स्वतंत्र जर्नल, संपादक मंडळ, तज्ज्ञांकडून लेख तपासून घ्यायची व्यवस्था, सगळं साग्रसंगीत. मला यात वर्षश्राद्ध दिसतं. माणसं गेली, कचेऱ्या गेल्या, आता विद्वान मंडळी ठरल्या तिथीला जमून पिंड पाडतात. जिवंत चळवळीला हँडबिल लागतं, साप्ताहिक लागतं. ती संपली की जर्नल निघतं.

कैवारी : श्राद्ध म्हणालात ते एका अर्थी बरोबर आहे, कारण श्राद्धाला भाऊबंदकी विसरून एका पंगतीला बसावं लागतं. आकडा लहान हे मान्य. पण त्या लहान पक्षाच्या नावाने पन्नाशीच्या दशकात केवढा धुरळा उडाला बघा. प्राध्यापक, शिक्षक, सिनेमावाले, सरकारी कारकून नोकऱ्यांना मुकले. रोझेनबर्ग नवरा-बायकोला सोव्हिएत हेरगिरीच्या आरोपावरून 19 जून 1953 ला विजेच्या खुर्चीत बसवलं. एवढ्या तापलेल्या विषयावर इतिहासकारांचे दोन तट पडले नसते तरच नवल. थिओडोर ड्रेपर हा स्वतः एकेकाळी पक्षाच्या दैनिकात काम केलेला माणूस. त्याने 1957 आणि 1960 साली दोन जाडजूड पुस्तकं लिहून सांगितलं की या पक्षाची दोरी पहिल्यापासून मॉस्कोच्या हातात होती. मग तरुण पिढी आली. तिचं म्हणणं, दोरीचं सोडा, खालची माणसं काय करत होती ते बघा. रॉबिन केली 1990 च्या पुस्तकात अलाबामाला गेला. तिथे निम्म्या वाट्याने शेत कसणारे काळे कुळवाडी कम्युनिस्टांच्या मदतीने संघटना बांधत होते. त्यांतल्या पुष्कळांनी मार्क्स वाचलेला नव्हता, बायबल मात्र तोंडपाठ होतं. मॉस्कोचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं काय होत असेल, विचार करा. 1985 मध्ये ड्रेपरने या नव्या लोकांवर असे लेख लिहिले की वाचताना कान गरम व्हावेत. हे भांडण परीक्षणांच्या आणि वाचकांच्या पत्रांच्या पानांवर चाललं होतं. जर्नलमुळे त्याला ओटा मिळाला. तिथे तुमचा लेख विरुद्ध तटाच्या माणसाकडेही जाऊ शकतो, नाव झाकून. तो विचारतो, तळटीप क्रमांक सतरामधला कागद तुम्ही स्वतः पाहिलात का? एवढा एक प्रश्न पुष्कळांना पुरून उरतो.

संशयी : ओट्यावर बसून भांडण मिटलं म्हणता? क्लेर आणि हेन्स या इतिहासकारांच्या जोडीने 2003 मध्ये, म्हणजे तुमचं जर्नल सुरू झाल्यावर, अख्खं पुस्तक लिहिलं की आमचे समव्यवसायी डोळ्यांवर कातडं ओढून बसलेत. समोरच्यांनी उलट म्हटलं, तुम्ही शीतयुद्ध जिंकल्याची मिरवणूक काढताय. यात काय थंड झालं?

कैवारी : थंड नाही झालं, पण भांडणाचा विषय बदलला. आधी वाद होता की हेर होते की नव्हते. 1995 मध्ये अमेरिकन सरकारने ‘वेनोना’चे कागद उघडले. महायुद्धाच्या काळात सोव्हिएत वकिलातींतून मॉस्कोला गेलेल्या, पुढे कष्टाने उकललेल्या सुमारे तीन हजार गुप्त तारा. त्याआधी सोव्हिएत राज्य कोसळलं आणि मॉस्कोतली दप्तरं उघडली. तिथे काय सापडलं? खुद्द अमेरिकन पक्षाची फाइल न् फाइल. पक्षाने आपलेच कागद सुरक्षित राहावेत म्हणून समुद्रापार पाठवले होते, आणि अमेरिकेत हे कुणाला माहीत नव्हतं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांची फिल्म करून आणली, 326 रिळं, चार लाखांहून जास्त पानं. आता ‘हेर नव्हतेच’ असं कुणी म्हणत नाही. वाद आहे तो कोण, किती, आणि पक्षातल्या सामान्य माणसाला याचा वास तरी होता का, यावर. कुस्ती तीच, पण आधी रस्त्यात चालली होती, आता आखाड्यात.

एक उदाहरण देतो, त्यात आपलंही नातं आहे. ॲग्नेस स्मेडली. मिसूरीच्या गरीब घरातली मुलगी, पत्रकार. बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांबरोबर राहिली, हे सरोजिनी नायडूंचे भाऊ. मग चीनमध्ये गेली. जपानी आक्रमणाच्या वेळी चिनी सैन्याला डॉक्टर हवेत म्हणून तिने भारतातल्या काँग्रेस पुढाऱ्यांकडे खटपट केली, जनरल झू डे यांचं नेहरूंना पत्र गेलं, आणि 1938 मध्ये जे पाच डॉक्टर निघाले त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, शांतारामबापूंनी कोटणिसांवर सिनेमा काढला. तर 1949 मध्ये अमेरिकन लष्कराने या बाईला सोव्हिएत हेर म्हणून जाहीर केलं आणि मग ओरड झाल्यावर शब्द मागे घेतला. डाव्या मंडळींच्या लेखी ती छळाची बळी ठरली. रूथ प्राइस नावाच्या चरित्रलेखिकेने याच भावनेने काम हाती घेतलं, बाईवरचा डाग धुऊन काढायचा म्हणून. कागद बघता बघता तिच्याच लक्षात आलं की आरोप खरा होता, स्मेडलीने सोव्हिएत हेरखात्यासाठी काम केलेलं होतं. 2005 मध्ये तिने तसं छापलं. स्वतःच्या मनाविरुद्ध. मी जर्नलची बाजू घेतो ती एवढ्यासाठी. माणसाला मनाविरुद्ध लिहायला लावणारी जागा जगात फार थोडी आहे.

संशयी : रूथ प्राइसने पुस्तक लिहिलं, जर्नलमधला लेख नव्हे. तिचा प्रामाणिकपणा जर्नलच्या खात्यात कशाला जमा करता? पण उदाहरण चांगलं आहे, म्हणून तेच धरून विचारतो. स्मेडली हेर होती हे कळल्यावर कोटणिसांचं काय? 9 डिसेंबर 1942 ला ते चीनमध्येच वारले, बत्तिसाव्या वर्षी. त्यांनी केलेली एक शस्त्रक्रिया तरी कमी होते का? तुमच्या जर्नलचा कल बघा. दप्तर उघडलं की त्यातून जे बाहेर पडतं तोच इतिहास. आणि दप्तर ठेवतं कोण? पोलीस ठेवतात. अमेरिकेत एफबीआय, मॉस्कोत तिथलं खातं. आपल्याकडे 20 मार्च 1929 ला कम्युनिस्टांवरच्या मीरत कट खटल्याच्या धरपकडी झाल्या, घरांच्या झडत्या झाल्या, कपाटं रिकामी केली, आणि आज कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या दशकावर लिहायला बसलेला माणूस मीरतच्या पुराव्याच्या खंडांवर जगतो. पेट्री, विल्यमसन या गोऱ्या गुप्तचर अधिकाऱ्यांचे अहवाल तळटिपांत नांदतात. ज्याला ‘कट’ सिद्ध करायचा होता त्याने कटाला उपयोगी तेवढे कागद उचलले. त्यावरून लिहिलेल्या इतिहासात सगळे कायम कटच करत असतात, पत्रं लिहितात, पैसे मागतात, मॉस्कोवर रुसतात. जेवतात कधी?

कैवारी : उलट बाजूही बघा. पोलिसांनी नेले म्हणून ते कागद राहिले. पक्षाने ठेवलेले किती राहिले? डॉ. गंगाधर अधिकारी पनवेलचे, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले, मीरतचे आरोपी. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करून खंड काढायला घेतले, पहिला 1971 चा. स्वतःच्याच पक्षाचा इतिहास जमवताना त्यांनाही सरकारी अभिलेखागाराचं दार ठोठावावं लागलं. रसायनशास्त्रज्ञाची शिस्त त्या खंडांत दिसते, हे सांगितलंच पाहिजे. पण ते पक्षाचे खंड. उलटतपासणीला त्यात जागा नाही.

आणि उलटतपासणीला जागा नसली की काय होतं, हे 1964 ने दाखवलं. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी डांगे यांची म्हणून जी पत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली, 1924 च्या तुरुंगातली, सरकारला ‘मी उपयोगी पडेन’ सांगणारी, ती मुंबईच्या एका साप्ताहिकात छापून आली. डांगे म्हणाले बनावट. विरोधक म्हणाले खरी. एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून 32 जण उठून गेले आणि त्याच वर्षी पक्ष दुभंगला. फुटीची कारणं खोल होती, चीन होता, काँग्रेसशी कसं वागायचं हे होतं, ते मला कळतं. पण मुद्दा असा की एका कागदाचा खरेखोटेपणा कशावर ठरला? तुम्ही कुठल्या पक्षात राहिलात यावर! शाई, कागद, हस्ताक्षर, दप्तरातला नोंद क्रमांक, या गोष्टींवर तोडीस तोड लेख लिहून वाद घालायची जागाच नव्हती. आजही दोन्ही घरांत दोन वेगळी उत्तरं पाठ करून घेतात.

संशयी : जागा असती तर पक्ष फुटायचा राहिला असता?

कैवारी : नाही. पण आपण दोघं आज साठ वर्षांनी त्यावर अंदाजाने बोललो नसतो.

संशयी : हे मी मानतो. मानतो म्हणूनच पुढचं विचारतो. ब्रिटिश कम्युनिस्ट इतिहासकारांचं काय? हिल, हिल्टन, हॉब्सबॉम पक्षाचे सभासद होते. 1952 मध्ये त्यांनी इतर इतिहासकारांना बरोबर घेऊन ‘पास्ट अँड प्रेझेंट’ काढलं. त्यात चळवळीचा इतिहास नव्हता. सरंजामशाही, शेतकऱ्यांची बंडं, सतराव्या शतकातली क्रांती, असले विषय. म्हणजे चळवळीतून आलेल्या सर्वांत हुशार माणसांनी चळवळीकडे पाठ करून सगळ्या जगाकडे तोंड केलं, आणि ते नियतकालिक इतिहासलेखनात आजही मानाने उभं आहे. स्वतःच्या पोटात डोकं खुपसून बसलेल्या जर्नलचं तसं होत नाही. तिथे लेखक पन्नास, वाचकही तेच पन्नास. एकमेकांची पाठ खाजवायची, नाहीतर ओरबाडायची.

कैवारी : तुम्ही त्याचं अर्धं कारण गाळलंत. ती मंडळी सतराव्या शतकात गेली, कारण विसाव्यात जाता येत नव्हतं. हॉब्सबॉमनेच पुढे कबूल केलं की पक्षाची अधिकृत भूमिका आड येत असल्यामुळे विसाव्या शतकाला हात घालणं अवघड होतं. घराबद्दल बोलायची चोरी, म्हणून माणूस गावाबद्दल बोलतो. गावाचा इतिहास उत्तम झाला, घरातलं मात्र झाकलेलंच राहिलं. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांना स्टालिनच्या राजवटीत 1937 मध्ये गोळ्या घातल्या. ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांतले अबनी मुखर्जी, त्यांनाही त्याच वर्षी. यावर आपल्या पक्षवाङ्मयात किती पानं आली? 2009 मध्ये ब्रिटनमध्ये ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी कम्युनिझम’ निघालं, ते छापणारी लॉरेन्स अँड विशार्ट ही एकेकाळी कम्युनिस्ट पक्षाचीच प्रकाशनसंस्था. म्हणजे ज्या छापखान्यातून बाजू मांडली जायची तिथूनच पन्नास-साठ वर्षांनी चौकशी सुरू झाली. हे डोकं खुपसणं नव्हे. घराची कौलं उतरवून वासे तपासणं आहे.

संशयी : चौकशी चालू द्या. पण ती ऐकू कुणाला येते? लेख वाचायचा तर डॉलरमध्ये पैसे मोजा नाहीतर परदेशी विद्यापीठात नाव घाला. आमच्या तालुक्याच्या कॉलेजचं ग्रंथालय दैनिकांचं बिल भागवताना धापा टाकतं. आणि हे जर्नल अमेरिकेतल्या लाखाला न टेकलेल्या पक्षासाठी. इकडे 1928 मध्ये मुंबईत दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. सहा महिने! त्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिने पन्नास हजारांच्या वर सभासद सांगितले. परळची दळवी बिल्डिंग, प्रभादेवीची नागू सयाजीची वाडी, ही नावं एका पिढीला तोंडपाठ होती. त्या चळवळीचं जर्नल कुठाय?

कैवारी : तुम्ही आत्ताच माझ्या बाजूने बोललात.

संशयी : बोललो नाही, चिमटा काढला. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. ‘तर मग काढू या.’ पण काढल्यावर त्यात काय येणार ते सांगतो. आमच्या घरी माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. त्यात एक हँडबिल आहे, 1940 च्या महागाईभत्त्याच्या संपाचं. गुलाबी पतंगी कागद, घडीवर फाटलेला. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात सभा, वेळ, ‘प्रचंड संख्येने’ वगैरे. उलटं करा. मागे पेन्सिलीने अकरा नावं आणि प्रत्येक नावापुढे रेघा. आमची आजी खाणावळ चालवायची. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणीवाले तिच्याकडे महिन्याने जेवायचे, त्यांना ‘मेंबर’ म्हणायची पद्धत. संप झाला की पगार बंद, पगार बंद की उधारी सुरू. त्या रेघा म्हणजे उधारीची जेवणं. काही नावांपुढे चाळीसच्या वर आहेत. वाण्याने तिला उधार दिलं, तिने यांना दिलं, म्हणून ते सभेला जाऊ शकले. संप दळवी बिल्डिंगमध्ये ठरत असेल, पण तो टिकत होता खाणावळीच्या पाटावर. आता तुमचं जर्नल काय करील? हँडबिलाची पुढची बाजू छापील, खाली क्रमांक टाकील. सभासदसंख्येवर वाद घालील. आजीचे अकरा मेंबर कुठल्या रकान्यात बसवणार? कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही पोलिसाच्या यादीत ते नाहीत.

कैवारी : जुन्या पद्धतीचं जर्नल पुढचीच बाजू छापील, खरं आहे. पण मागची बाजू वाचायलाही कुणीतरी शिकवलेला लागतो. ‘हिस्टरी वर्कशॉप’ नावाचं ब्रिटिश जर्नल 1976 मध्ये समाजवादी इतिहासकारांचं म्हणून निघालं. 1982 मध्ये त्यांनी नावाखाली ‘स्त्रीवादी’ हा शब्द जोडला, कारण आतल्याच बायकांनी विचारलं की कामगारांचा इतिहास सांगताना स्वयंपाकघराची भिंत मध्ये का येते. नेमका तुमच्या आजीचा प्रश्न. तो जर्नलच्या बाहेरून नाही आला, पानापानांवर भांडून आत आला.

आणि आपल्याकडचं याहून टोकदार सांगू? विणकाम खात्यात साच्यावर दलित कामगाराला घेत नसत. का? धोट्यातल्या कांडीचा धागा संपला की नव्या कांडीचं टोक तोंडाने ओढून काढावं लागायचं, त्याला थुंकी लागायची, आणि सवर्ण साचेवाल्याला ते चालत नव्हतं. पगार त्याच खात्यात जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे हे लावून धरलं. दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 ला, औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध तेच बाबासाहेब आणि तेच कम्युनिस्ट एका संपात एकत्र आले. मधल्या दहा वर्षांत धाग्याच्या त्या टोकाचं काय झालं? कुठल्या गिरणीत बदललं, कुठे नाही? युनियनच्या बैठकीत यावर कोण काय बोललं? लाल बावट्याचा इतिहास लिहिणारे दोन ओळींत उरकतात, आंबेडकरी चळवळीचा लिहिणारे त्याच दोन ओळी आरोप म्हणून देतात. दोघांना एका अंकात शेजारी शेजारी छापून, एकमेकांच्या टिपा तपासायला लावणारी जागा आपल्याकडे कायमची अशी झाली नाही. ‘नवभारत’ने, ‘समाज प्रबोधन पत्रिके’ने अधूनमधून जमेल तेवढं केलं, त्यांचे उपकारच आहेत. पण त्यांना जगातले सगळेच विषय सांभाळायचे.

संशयी : धोट्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत, आणि त्यानेच मला अडकवलंत. पण हे कोण सांगणार? साच्यावर बसलेला माणूस. तो गेला. 2004 मध्ये मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांच्या तोंडून पुस्तक केलं, तेव्हा निदान काही म्हातारे होते. आता गिरणीच्या जागेवरच्या मॉलच्या वाहनतळाला विचारायचं? तुमच्या अमेरिकेत पोलिसांनी कागद तरी ठेवले. आपल्याकडे एका संस्थेने जागा लागते म्हणून जुन्या पत्रकांची पोती रद्दीत घातली, मी स्वतः त्या रद्दीवाल्याच्या दुकानात जाऊन दोन पुडकी सोडवून आणलीत, आठ रुपये किलोने. जर्नल ही दुसरी पायरी. पहिलीच नाही आपल्याकडे.

कैवारी : जर्नल असतं तर कुणाला तरी कळलं असतं की ती पोती कामाची आहेत. मागणी असली की माल जपला जातो. तुमच्या ट्रंकेचंच घ्या. ते हँडबिल छापायला द्याल? दोन्ही बाजूंनी?

संशयी : पुढची बाजू उद्या नेऊन छापा. मागची नाही. त्या अकरांतली तीन आडनावं आमच्या गल्लीत अजून राहतात. एकापुढच्या बेचाळीस रेघा आजीने शेवटपर्यंत खोडलेल्या नाहीत. त्याचा नातू रोज सकाळी मला नमस्कार करून जातो. त्याच्या आजोबाने जेवणाचे पैसे बुडवले, हे मी तुमच्या तळटिपेसाठी जगजाहीर करू?

कैवारी : नावं झाका, रेघा छापा.

संशयी : नावं झाकली की ते पुन्हा ‘कामगारवर्ग’ झाले. आजीने त्यांची नावं लिहिली होती.

कैवारी : मग निदान फोटो काढून ठेवा. छापायचं की नाही ते पुढचं कुणी ठरवील. वाळवी काही परवानगी विचारत नाही.

संशयी : तळाच्या कागदांना गेल्या पावसाळ्यातच लागलीय.